पाटीवरचा ‘ळ’

दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठातली गोष्ट आहे. मृग लागून आठवडा उलटला होता, पण कळमेश्वरावर अजून ढगाची सावलीही पडली नव्हती. शाळेला सुट्टी होती आणि मी भर दुपारी एका अडलेल्या कादंबरीच्या सातव्या प्रकरणाशी झगडत बसलो होतो. तेवढ्यात आमच्या पेंटरकाकांचा मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. माझाच जुना विद्यार्थी. कपाळावर घाम, आणि बोटांना निळी शाई.

“गुरुजी, चला न. मशीन सुरू करून राह्यलो. पहिला बॅनर आहे, तुमी एकडाव वाचून द्या.”

मास्तराला बोलावणे येते ते बहुधा अशाच कामासाठी. लग्नपत्रिका असो, वार्षिक अहवाल असो की उद्‌घाटनाची कोनशिला असो, ऱ्हस्वदीर्घ पाहून देणे हा आमचा धर्म. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी गावाच्या लेखी मी शुद्धलेखनाचा अधिकारी. उठलो, डोक्याला पंचा गुंडाळला आणि त्याच्या गाडीवर मागे बसलो.

ब्राह्मणीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याने एक गाळा भाड्याने घेतला होता. आत शिरताच एक उग्र वास नाकात गेला. टर्पेंटाईनचा वास मला लहानपणापासून ठाऊक आहे; हा त्याचा कोणी शहरी पुतण्या असावा. गाळ्याच्या मधोमध दहा फूट रुंदीचा फ्लेक्स छापणारे ते यंत्र भिंतीला समांतर पसरले होते. मागे पांढऱ्या कापडाची गुंडाळी, समोर रूळ, आणि वरच्या लोखंडी दांडीवरून इकडून तिकडे धावणारी एक पेटी. त्या पेटीच्या पोटात शाई उडविणारी ‘हेडे’. यंत्र नवे नव्हते. नागपूरच्या कोणा दुकानदाराने वापरून झाल्यावर विकलेले होते आणि मुलाने ते कर्ज काढून घेतले होते. गाळ्याच्या दाराबाहेर ताजी माती दिसली. विचारले, तर तिथे खड्डा खणून मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी पुरली होती. विजेचा फटका जमिनीत जावा, हेडे जळू नयेत, म्हणून. एका हेडाची किंमत ऐकली तेव्हा मी आपोआप दोन पावले मागे सरलो.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पेंटरकाका बसले होते. मांडीवर हात, नजर रस्त्याकडे. यंत्राकडे पाठ.

त्यांची माझी ओळख पस्तीस वर्षांची. मी पोरगा असताना गावातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाची पाटी त्यांच्या हातची असे. किराणा, सायकलदुरुस्ती, पिठाची गिरणी, दवाखाना. शाळा सुटली की मी त्यांच्यामागे हिंडे, कारण त्यांना दोरीचे दुसरे टोक धरायला कोणी तरी लागे. सुतळीला खडूची भुकटी चोळायची, पत्र्यावर ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची. टण्‌ असा आवाज होई आणि पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उठे. त्या रेघेवरून ते शिरोरेखा ओढीत. डाव्या हातात टेकायची काठी, उजव्या हातात चपटा कुंचला, ओठांत विझलेली विडी. ‘कळमेश्वर’ हा शब्द ते इतक्या वेळा लिहीत की, त्यातल्या ‘ळ’ला त्यांनी आपले एक खास वळण दिले होते. दोन गोल, डावा जरा लहान, उजवा भरदार, आणि दांडीला लागताना किंचित खाली झुकणारा. लगोरीच्या चेंडूसारखा तो ‘ळ’ मी लांबून ओळखीत असे.

मग २००५ च्या सुमारास नागपुराहून फ्लेक्सच्या गुंडाळ्या येऊ लागल्या. पत्र्याची पाटी व्हायला चार दिवस लागत. फ्लेक्स सकाळी सांगितला की संध्याकाळी हजर, त्यावर मालकाचा रंगीत फोटो, आणि पैसे चौरस फुटावर, तेही पाटीपेक्षा कितीतरी कमी. काकांचे काम आटत गेले. इथे एक कबुली देणे मला भाग आहे. मी ज्या शाळेत होतो तिथली काकांनी रंगविलेली पाटी उतरवून फ्लेक्स लावावा, असा प्रस्ताव बैठकीत आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. काटकसर हे कारण होते आणि ते खोटेही नव्हते. पाटी उतरविली त्या दिवशी काका रस्त्याच्या पलीकडे चहा पीत होते. त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही.

आता त्यांच्याच मुलाच्या गाळ्यात त्यांच्याच डोळ्यांसमोर ते यंत्र सुरू होत होते, आणि मला शुद्धलेखन पाहायला बोलावले होते.

पेटी सरकू लागली. खर्र-खर्र करीत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाई आणि कापड बोटभर पुढे सरके. पंधरा मिनिटांत धापेवाड्याच्या आषाढी यात्रेचा स्वागतफलक समोर आला. विठ्ठलाचे चित्र, वारकऱ्यांची पताका, दोन पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. परंतु भगवी पताका विटकरी दिसत होती, विठोबाच्या काळ्या अंगावर दर बोटाला एकेक आडवी फट पडली होती, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘कलमेश्वर नगरीत स्वागत’.

“ळ कुठं गेला?” मी विचारले.

संगणकावर बसलेला पोरगा म्हणाला, “सर, या फाँटमध्ये ळ सापडून नाही राह्यला. ल टाकला. समजते न लोकायले.”

खुर्चीवरून आवाज आला. पाठ अजून रस्त्याच्या बाजूनेच. “समजते. आपलं नाव कोणी चुकीचं लिवलं तरी समजते. पण राग येते का नाही?”

त्या रात्री सातवे प्रकरण बाजूला राहिले. मी इतिहासाचा पंडित नव्हे, पण एक प्रश्न डोक्यात घोळत होता. मोठे अक्षर आणि मोठे चित्र छापण्याचे यंत्र आपल्या मुलखात पहिल्यांदा आले, तेव्हा ते सुरू करणारांना काय काय भोगावे लागले? त्यांच्याही पहिल्या कागदावर अशाच फटी पडल्या असतील काय? घरातली आणि वाचनालयातली पुस्तके काढून बसलो.

आरंभ करावा लागतो तो दगडापासून. बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डर नावाच्या एका नाटककाराला आपली नाटके छापून घेणे परवडेना; त्या विवंचनेतून अठराव्या शतकाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत त्याला शिळाछापाची युक्ती साधली. तत्त्व इतके साधे की स्वयंपाकघरातल्या बाईलाही ते ठाऊक असते: तेलाचे आणि पाण्याचे जमत नाही. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने अक्षर काढावे, दगड ओला करावा आणि वरून छपाईची शाई फिरवावी. ओल्या जागी ती चिकटत नाही, अक्षरावर तेवढी बसते. कागद दाबला की अक्षर उमटते. खिळे जुळविणे नको, साचे ओतणे नको. लेखकाने कागदावर लिहावे आणि ते दगडावर उतरवून घ्यावे. म्हणजे दगडाने छापलेले पुस्तक हे छापील असूनही कोणाच्या तरी हाताचे अक्षर असे. हा मुद्दा मी त्या रात्री पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केला.

मुंबईला अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ही विद्या पाहिली गणपत कृष्णाजी या भंडारी गृहस्थाने. ख्रिस्ती धर्माची पुस्तके अशी छापली जातात, मग आपली का नकोत, हा विचार त्याच्या मनात आला. त्याच्यापाशी कर्ज देणारी पेढी नव्हती आणि यंत्र बसवून देणारा कारागीरही नव्हता. त्याने दगड स्वतः शोधले, यंत्र स्वतः उभे केले, शाईही स्वतःच कालवून पाहिली. १६ मार्च १८३१ रोजी त्याने पंचांग छापून काढले. आजच्या वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. तोवर पंचांग म्हणजे जोशीबुवांनी हाताने उतरून घेतलेला कागद होता. छापलेल्या कागदाला हात लावावा की नाही, छापील पंचांगावरून श्राद्धाची तिथी धरावी की नाही, याचा खल करणारी माणसे तेव्हा थोडीथोडकी नव्हती. शाईत चरबी असते, या शंकेने तर पुष्कळांनी धर्मग्रंथ छापण्यालाच विरोध केला. त्यावर गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घालून छपाई केली, असे सांगतात. माणूस मोठा व्यवहारी. वाद घालीत बसला नाही, शाई बदलली.

मला या माणसाविषयी मोठे कुतूहल वाटते. इंग्रजी विद्येचा कोणताही शिक्का त्याच्यावर नव्हता. पण अक्षर कसे दिसले पाहिजे हे त्याला पक्के कळत होते. दगडावरून समाधान होईना तेव्हा त्याने पुढे मराठी खिळे पाडण्याचा उद्योग मांडला, आणि त्याचे टंक सुबक म्हणून नावाजले गेले.

अक्षरांमागून चित्रे आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढण्यात पुढाकार घेतला, आणि रामपंचायतन आणि नाना फडणीस घरोघर भिंतीवर गेले. पण दगडावरच्या रंगाची खरी परीक्षा झाली ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यात. बडोद्याचे दिवाणपद भूषविलेल्या सर टी. माधवरावांनी त्याला चित्रे युरोपातून छापून आणण्याचा सल्ला दिला होता. त्याने पुढे यंत्रेच आणविली, जर्मन तंत्रज्ञ आणविले आणि १८९४ साली मुंबईत छापखाना थाटला. घाटकोपरास त्याची यंत्रे फिरू लागली. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे.

आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती इथून निघाली, हे सर्वांना ठाऊक असते. ती कशी निघाली हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. एका रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या गालावरची लाली वेगळ्या दगडावर, शालूचा तांबडा वेगळ्या, त्याची सावली आणखी वेगळ्या. एका चित्रासाठी कित्येक जड दगड तयार करावयाचे, आणि तोच कागद त्या सर्वांवरून एकामागून एक न्यावयाचा. एका दगडाच्या वेळी कागद केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर उतरलेच! मूळ तैलचित्र पाहून, त्यात कोणता रंग किती आहे हे नुसत्या नजरेने वेगळे काढणारी माणसे तिथे दगडावर वाकून बसलेली असत. त्यांची नावे चित्राखाली नाहीत. आमच्या मुलाच्या संगणकात आता हेच काम चार रंगांत आपोआप होते. आपोआप होते, म्हणूनच भगव्याचा विटकरी झाला तरी संगणकाला त्याची खंत नसते.

छापखान्याचा संसार सुखाचा झाला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, कामगार पांगले, आणि पुढे यंत्रे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावी लागली. कर्ज वाढले. शेवटी विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याला तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या त्याच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्रे छापली जात राहिली, पण ज्याच्या कुंचल्यातून ती उतरली त्याच्या हाती यंत्र राहिले नाही. १९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत सापडला आणि संपला.

तरी त्याच लोणावळ्याच्या हवेत आणखी एक माणूस शाईने हात माखीत होता. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेले, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे प्रयोग केलेले. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळाछापाची कामे त्यांनी केली, मग स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी केली. परत आल्यावर भागीदारांशी पटले नाही, तेव्हा चालता धंदा सोडून ते बाहेर पडले. रिकामा बसलेला हा मुद्रक पुढे काय करून बसला, ते ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रेक्षकांनी पाहिले. मला वाटते, फाळक्यांनी पुढे पडद्यावर जो प्रकाश खेळविला, त्याची पहिली तालीम छापखान्यातल्या अंधारकोठडीतच झाली असली पाहिजे.

आणि सिनेमा आला तशी त्याची जाहिरातही आली. इथे कोल्हापूरचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, हे मुळात नाटकाचे पडदे रंगविणारे. आतेमामेभाऊ म्हणा की बंधू म्हणा, आनंदराव आणि ते दोघे मिळून पडद्यावर असे राजवाडे उभे करीत की, पडदा उघडताच टाळी पडे. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी चित्रपट काढण्यासाठी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच घडवून घेतला. दगड शोधणाऱ्या गणपत कृष्णाजींची आठवण व्हावी, अशीच ही जिद्द. १९२० साली त्यांची ‘सैरंध्री’ आली, आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. चित्रपटासाठी सचित्र भित्तिपत्रक हवे, हेही या पडदे रंगविणाऱ्या माणसालाच सुचले. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिन्या’चे पत्रक हे आपल्याकडच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सचित्र चित्रपट-पत्रकांपैकी होय.

दगडाला एक मर्यादा होती. दगड केवढा, कागद तेवढाच. म्हणून मोठे पत्रक सहा-सहा, चोवीस-चोवीस ताव जोडून भिंतीवर चिकटवीत. त्याहून मोठे हवे असेल तर मात्र यंत्राने हात टेकले आणि माणसाने कुंचला उचलला. सरस दिलेले कापड ताणावे, छोट्या छायाचित्रावर चौकटी आखाव्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखाव्या आणि एकेक घर भरीत जावे. नटीचा एक डोळा माणसाहून उंच! जवळून पाहावे तर नुसते रंगांचे फटकारे. रस्ता ओलांडून मागे वळावे, तो तो डोळा पाणावलेला दिसावा. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला एक तरुण मुंबईच्या फुटपाथवर हेच काम चौरस फुटाला काही आणे या दराने करीत असे. मकबूल फिदा हुसेन त्याचे नाव. पुढे जगाने त्याला अनेक नावांनी ओळखले, मोठा फटकारा मारण्याची त्याची सवय मात्र बहुधा तिथलीच.

आमचे पेंटरकाका या वंशावळीतलेच. तालुक्याच्या गावातली एक बारीक फांदी.

आता राहिले हे शाईच्या फवाऱ्याचे यंत्र. त्याचे मूळ शोधू गेलो तर तेही मला वाटले त्याहून जुने निघाले. समुद्राखालच्या तारेतून येणारा विजेचा क्षीण संदेश टिपण्यासाठी लॉर्ड केल्व्हिनने १८६७ साली एक यंत्र योजिले. केसासारख्या बारीक नळीतून शाई सरकत्या कागदपट्टीवर पडे, नळी कागदाला टेकत नसे. १८७० मध्ये मुंबईला समुद्राखालून तार पोहोचली, तो हा काळ. पुढे १८८० साली पिएर आणि जाक क्यूरी या भावांना स्फटिकांचा एक चमत्कार दिसला: काही स्फटिक दाबले की त्यांतून वीज निघते. याच्या उलटही घडते; वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो. यंत्राच्या हेडात बसविलेला स्फटिक असाच वाकतो आणि शाईला चिमटा काढतो. शाईचा कण बाहेर उडतो. पाण्याच्या साध्या थेंबाच्या लाखो पटींनी लहान असा तो कण असतो. सेकंदाला हजारो वेळा हा चिमटा बसत राहतो. १९५१ साली एल्मक्विस्ट या स्वीडिश डॉक्टराने शाईच्या सूक्ष्म फवाऱ्याने आलेख काढण्याचे पेटंट घेतले. हृदयाचे ठोके कागदावर उतरविण्यासाठी. जपानमध्ये कॅनन कंपनीतल्या इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली डाग देण्याची सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली, सुईतून शाई उडाली, आणि त्यांना निराळीच वाट सापडली. त्या वाटेने घरातली लहान यंत्रे गेली. आमच्या गाळ्यातले मोठे यंत्र क्यूरी बंधूंच्या वाटेचे.

दगडाची मर्यादा या यंत्राने पार मोडून टाकली. रुंदी दहा फूट, लांबी हवी तितकी. आणि पट्ट्याला पट्टा जोडला तर रुंदीलाही अंत नाही. ही मोडलेली मर्यादा कुठवर जाते, ते १३ मे २०२४ रोजी दिसले. मुंबईत वादळ उठले आणि सुमारे १२० फूट लांब व १२० फूट उंच असा जाहिरातीचा एक सांगाडा पेट्रोलपंपावर कोसळला. १७ माणसे गेली. ४० फूट गुणिले ४० फुटांहून मोठ्या फलकास परवानगी नसता हा त्याच्या नऊपट होता. ठिकाण, घाटकोपर. त्याच घाटकोपरात सव्वाशे वर्षांपूर्वी शकुंतलेचे चित्र दगडावरून उचलले गेले होते.

या साऱ्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. गणपत कृष्णाजी, रविवर्मा, फाळके, बाबूराव, यांच्यापैकी प्रत्येकाने यंत्र नवे आणले, पण यंत्रापाशी येताना हात आणि डोळा जुना आणला. फ्लेक्सचे यंत्र मात्र असे आले की, अक्षर न येणाऱ्या माणसालाही ते पाट्या काढून देते. त्यामुळे ते पेंटरला विचारायला थांबले नाही. आणि पेंटरही रुसून दाराशी बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळ्यावर गेलो. मुलगा रात्रभर जागा होता. आडव्या फटींचे कारण त्याला सापडले होते: कापड दर खेपेला जरुरीपेक्षा किंचित जास्त पुढे सरकत होते, आणि दोन नळ्या वाळलेल्या शाईने बुजल्या होत्या. आमच्या विदर्भाचा उन्हाळा या यंत्राला मानवत नाही. कूलर लावावा तर हवा दमट होते, न लावावा तर शाई तोंडातच वाळते. त्याने हेडे द्रवाने धुतली, चाचणीच्या रेघा पुन्हा पुन्हा छापल्या, कापडाची सरक केसाकेसाने कमी केली. फटी गेल्या. पताकेचा रंग काही साधेना. पडद्यावर भगवा, कापडावर विटकरी.

“पडद्यात उजेड आहे, कापडात नाही,” मी म्हणालो. पुस्तकात वाचलेले.

काका उठले. आत आले. मला वाटते, त्या गाळ्यात ते पहिल्यांदाच आत आले असावेत. त्यांनी छापलेली पताका बोटाने चाचपली, दारापाशी नेऊन उन्हात धरली आणि म्हणाले, “निळा आहे यात. भगव्यात निळा काहून टाकला? काढ तो. पिवळा चढव.”

मुलाने संगणकात निळ्याचा आकडा शून्यावर आणला. पट्टी छापली. पताका भगवी झाली.

मग काका मला म्हणाले, “गुरुजी, रस्त्यापलीकडं जा अन् वाचा.” मी गेलो. पन्नास पावलांवरून पाहिले तर पुढाऱ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते, आणि अक्षरांची नुसती खिचडी. रंगीत कडा, त्याला सावली, सावलीला आणखी कडा. परत येऊन तसे सांगितले. काकांनी मुलाकडे पाहिले नाही; माझ्या खिशातले पेन मागितले. नंतर म्हणाले, “पेन नाही. मले तो जुना डबा दे.” मुलाने गाळ्याच्या मागच्या फळीवरून गंजका डबा आणला. आत कुंचले होते. तेलात बुडवून ठेवलेले, केस मऊ. वीस वर्षे काम नसताना त्यांना तेल कोण घालीत होते, हे मी विचारले नाही.

पांढऱ्या कापडाच्या कापलेल्या तुकड्यावर त्यांनी एकच शब्द लिहिला. हात थोडा थरथरत होता, शिरोरेखेला मी सुतळी धरली. क, ळ, मे, श्व, र. मुलाने मोबाईलने त्याचा फोटो काढला, संगणकात घातला, कडा साफ केल्या. म्हणजे लेखकाने लिहिलेले अक्षर दगडावर उतरवून घ्यावे, तसेच. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर मास्तरकी झाली असती.

त्या फलकासाठी ते अक्षर वापरता आले नाही. गिऱ्हाइकाला कडा आणि सावलीवाली, सिनेमासारखी अक्षरेच हवी होती. ‘ळ’ तेवढा दुसऱ्या फाँटमधून शोधून घातला. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेसुद्धा ठरवून दिली. पण दुकानातल्या संगणकापर्यंत शासननिर्णय पोहोचायला वेळ लागतो.

काकांचे अक्षर मात्र वाया गेले नाही. श्रावणात मी आमच्या शाळेच्या बैठकीत प्रस्ताव मांडला. फ्लेक्स उन्हाने विरला होता आणि शाळेचे अर्धे नाव उडाले होते. नवी पाटी करायचीच होती. पैसे तेवढेच, फक्त गावाचे नाव काकांच्या हातचे असावे. कोणी हरकत घेतली नाही. काटकसरीला धक्का लागत नव्हता.

पाटी चढविली त्या सकाळी काका आले. फाटकापाशी न थांबता रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी गेले आणि तिथून वळून पाहू लागले. मधे एक एस.टी. येऊन उभी राहिली. ती हलेपर्यंत ते तसेच उभे होते. मग चष्मा कपाळावर चढवून मला हाताने बोलावले.

“छोटा गोल जरा जाड झाला हो, गुरुजी,” ते म्हणाले. “पोट्ट्याले सांगा, फाइलीत कमी करून ठेव म्हना.”